किळस न मानणारे हात

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा. देहाच्या अशुचित्वाने मन विटू न देणे, हा त्याचा आशय. रुग्ण मुनींची सेवा करताना अंगावर वमन झाले तरी न विटलेल्या उद्दायन राजाची कथा पाठशाळेत सारेच ऐकतात. या गुणाची रोज परीक्षा देणारी काही माणसे मात्र समाजाच्या नजरेआड, शवागारात काम करीत असतात.

यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 साली सुरू झाले. अपघात, सर्पदंश, विषबाधा, आत्महत्या अशा मृत्यूंचे दुःख या कापूसपट्ट्याला नवे नाही. 2017 च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. अशा प्रसंगी बातमी मृतांच्या संख्येपाशी थांबते. शवागारातील काम तेथून सुरू होते.

पोलिसांचा पंचनामा, मृतदेहाची ओळख पटवणे, नावाची चिठ्ठी बांधणे, शवपेटीत ठेवणे, डॉक्टरांना विच्छेदनात साहाय्य करणे, ही कामे क्रमाने होतात. विषबाधेचा संशय असल्यास जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे जातात. चिठ्ठीतील एका चुकीने न्याय हुकू शकतो. शेवटी शरीर नीट शिवणे, धुणे, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळणे उरते. आईला लेकाचा चेहरा पाहवेल असा ठेवणे हे कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा करुणेचे काम आहे.

जैन कुटुंबाला येथे एक वेगळी वेदना होते. मृतदेहात अंतर्मुहूर्तात सम्मूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, या श्रद्धेमुळे अंत्यसंस्कार शक्य तितक्या लवकर व्हावा, अशी तळमळ असते. अनैसर्गिक मृत्यूत मात्र कायद्याची प्रक्रिया टाळता येत नाही. विमा, नुकसानभरपाई आणि अपराधाचा तपास त्याच अहवालावर अवलंबून असतो. नोव्हेंबर 2021 पासून पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा केंद्र शासनाने दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह व घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सर्वसाधारणपणे तिच्याबाहेर आहेत. म्हणून घाईसाठी दडपण आणण्याऐवजी ओळखपत्रे तयार ठेवणे, एकाच जाणत्या नातेवाइकाने पोलिसांशी बोलणे आणि उरलेला वेळ णमोकाराच्या जपात घालवणे श्रेयस्कर.

नेत्रदानाची इच्छा असल्यास नेत्रपेढीला लगेच कळवावे, कारण नेत्र साधारण सहा तासांत काढून घ्यावे लागतात. तोवर मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके किंचित उंच ठेवावे. पोलीस प्रकरणातही रीतसर संमतीने हे दान होऊ शकते.

अशुचि भावना देहाचा मोह सोडायला शिकवते, देह हाताळणाऱ्या माणसाचा तिरस्कार करायला नव्हे. तरीही शवागारातील कर्मचाऱ्याच्या हातचे पाणी प्यायला कचरणारे लोक आहेत. ज्याने आपल्या माणसाला अखेरचे स्नान घातले, त्याला पैसे पुढे करून मान वळवणे हा सत्कार नव्हे. त्याचे नाव विचारावे, हात जोडावेत, पर्युषणातील क्षमापनेच्या दिवशी त्याचेही स्मरण करावे. निर्विचिकित्सेचा धडा पाठशाळेत पाठ होतो. तो उतरतो मात्र अशा ठिकाणी.