जागा गेली, खेळ राहिला

अमेरिकेतील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा आहे. तेथे चेंडू लंबगोल असून तो मुख्यतः हातांनीच खेळला जातो. चढाईची सूत्रे 'क्वार्टरबॅक' या खेळाडूकडे असतात. सॅन फ्रान्सिस्कोचा 'फोर्टी-नायनर्स' आणि कॅन्सस सिटीचा 'चीफ्स' या दोन्ही व्यावसायिक संघांत ही जबाबदारी वाहणारे दोन खेळाडू म्हणजे जो मॉन्टाना व अ‍ॅलेक्स स्मिथ.

मॉन्टानाने फोर्टी-नायनर्सना चार अजिंक्यपदे मिळवून दिली. परंतु कोपराच्या दुखापतीमुळे १९९१ चा संपूर्ण हंगाम हुकला आणि त्याची जागा स्टीव्ह यंगकडे गेली. १९९३ साली तो चीफ्समध्ये आला व १९९४ च्या सप्टेंबरात यंगच्या संघाला त्याने २४-१७ असे नमविले.

स्मिथचेही तसेच झाले. २०१२ साली डोक्याला मार बसून तो बाहेर राहिला, तोच कॉलिन केपर्निकने त्याची जागा घेतली. २०१३ साली तोही चीफ्समध्ये आला. पुढे २०१७ मध्ये चीफ्सनी पॅट्रिक माहोम्स हा तरुण क्वार्टरबॅक निवडला. आपली जागा आता हाच घेणार, हे दिसत असूनही स्मिथने त्याला खेळातील बारकावे शिकविले.

गेलेल्या जागेचे उत्तर एकाने विजयाने दिले, दुसऱ्याने विद्यादानाने. विद्यार्थिमित्रांनो, यांतील अधिक कठीण कोणते?