शिवारातला बर्गर

वीकेण्डला पुण्याहून गेवराईला निघाले, तर सोबत ‘व्हेज मीट’च्या फ्रोजन पॅटीज. बस रखडली आणि घरी पोचेस्तोवर त्यांचा लगदा! आई म्हणाली, ‘‘सोयाबीनच ना हे? मग ते इथं शिवारात काय कमी आहे?’’

खरंच की! बीफच्या जागी येणाऱ्या अनेक पॅटीजमध्ये तेल काढून उरलेल्या सोयाचं प्रोटीनच तर असतं. लातूरच्या रितेश देशमुखनं जेनिलियासोबत २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ आणलं, तेव्हा हा फंडा मराठी घरांत पोचला.

१९९६ मध्ये भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सनं इथं बीफ विकलंच नाही. आपली जीभ आलू टिक्कीवर पोसलेली. म्हणून बीफची चव शोधू नका, पाकिटावरचं प्रोटीन आणि सोडियम बघा. यादीत बटाटा पहिला असेल, तर ती टिक्कीच! मिथाइलसेल्युलोज असेल, तर पॅटी तापल्यावरच घट्ट होते, उलटायची घाई नको.

आम्ही मग सोयावड्याच आणल्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन! गरम पाण्यात भिजवून करकचून पिळल्या (पाणी राहिलं की पॅटी फुटलीच), जाडसर वाटल्या. कांदा, आलं-लसूण, भाजलेलं बेसन आणि पकडीला आईचं येसर. अर्धा तास फ्रीज, मग लोखंडी तव्यावर मध्यम आच.

दरवर्षी पोत्यानं सोयाबीन विकणाऱ्या आईनं दुसरा पाव उचलला. ‘‘ते पाकीट केवढ्याला होतं गं?’’

मी आकडा सांगितला नाही.