किल्ली आधी, खरेदीपत्र मागाहून

संचकार दिला की घर आपलेच, असे समजून आमच्या बेळगावात पुष्कळजण लगेच किल्ली मागतात. खरेदीपूर्वी घर पाहणे, कागद तपासणे निराळे आणि कब्जा घेणे निराळे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या कराराने मालकी येत नाही. कब्जा घेऊन उरलेली रक्कम देण्यास तयार असलेल्या खरेदीदारास विकणाऱ्याने बाहेर काढू नये म्हणून कलम ५३-अ आहे खरे. पण २००१ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी करार नोंदवलेला लागतो. शिवाय कर्नाटकात कब्जा देणाऱ्या करारास खरेदीपत्राइतकेच मुद्रांक शुल्क पडते. ते वाचवण्यासाठी साध्या कागदावर किल्ली घेऊन फरशी बसवणारे मला भलतेच धाडसी वाटतात! व्यवहार फिसकटला तर फरशी काही उचलून नेता येत नाही.