दुभंगलेला कणा आणि आपली शाळा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून सोबतचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. हा प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा सांगितला. त्याचा अर्थ मात्र आम्हांला एका विद्यार्थ्यामुळे कळला.

तो दर तासाला बाहेर जाण्याची परवानगी मागत असे आणि पाठ दुखते म्हणून बाकावर फार वेळ बसत नसे. आम्ही त्याला कामचुकार समजून सर्वांसमक्ष बोललो. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने येऊन ‘स्पायना बिफिडा’ हे नाव सांगितले, तेव्हा आमची मान खाली गेली. म्हणून हा लेख.

गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत गर्भाची चेतानलिका बंद होते. ती पूर्ण बंद झाली नाही, तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो आणि मज्जातंतूंना इजा पोहोचते. ग्रहण, करणी किंवा पूर्वजन्मीचे पाप यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भधारणेपूर्वीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास हा धोका बराच कमी होतो. दिवस राहिल्याचे कळेपर्यंत ही 28 दिवसांची मुदत बहुधा संपलेली असते. म्हणून गोळी आधीपासून हवी. ज्या मातेला पूर्वी असे मूल झाले आहे, तिला डॉक्टर याहून मोठी मात्रा देतात.

या आजारात मूत्राशयाला मेंदूचा निरोप नीट पोहोचत नाही. लघवी नकळत गळते किंवा पूर्ण न होता साचून राहते. साचलेल्या लघवीने जंतुसंसर्ग होतो आणि दाब वाढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. 1972 साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की, स्वच्छ धुतलेल्या हातांनी ठराविक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करणे सुरक्षित आहे; त्यासाठी शस्त्रक्रियागृहासारखे निर्जंतुक वातावरण लागत नाही. बहुतेकांना हे दर तीन-चार तासांनी करावे लागते. शिकविले तर शाळकरी मूलही ते स्वतः करते. लाजेपोटी पाणी कमी पिणे मात्र घातक आहे. त्याने संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाढतात.

पाठदुखीची कारणे अनेक आहेत: कण्याचा बाक, स्नायूंचा असमतोल, चालताना पडणारा ताण. ही दुखणी व्यायामाने व बसण्याची पद्धत बदलल्याने सुसह्य होतात. परंतु उंची वाढण्याच्या वयात पाठदुखी नव्याने सुरू झाली, पाय अधिक अशक्त झाले किंवा लघवीवरचा ताबा पूर्वीपेक्षा सुटला, तर मज्जारज्जू खाली अडकून ताणला जात असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी हाडवैद्याकडे पाठ चोळून घेऊ नये; मज्जासंस्थेच्या शल्यचिकित्सकाला गाठावे. गुंजवण्याहून नसरापूरमार्गे पुणे गाठणे अशा रुग्णाला किती कठीण, हे आम्ही जाणतो. एस.टी. वाटेत त्याच्यासाठी थांबत नाही. तरीही हा प्रवास टाळू नये. मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्पायना बिफिडा फाउंडेशन ही संस्था अशा कुटुंबांसाठी काम करते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा प्रमाणपत्र अवश्य काढावे. पण वर्गातला सन्मान प्रमाणपत्राने मिळत नाही. बाहेर जाण्यास न विचारता परवानगी, मधूनमधून उभे राहण्याची मुभा आणि वर्गमित्रांची चेष्टा थांबविणारा शिक्षक, एवढे तरी आपल्या हातात आहे. ज्या समाजाने शतकानुशतके विटाळाचे चटके सोसले, त्याने एखाद्या मुलाच्या देहाचा विटाळ मानू नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. वसतिगृहात एक शौचालय असे बांधून द्यावे, ज्याला आतून कडी असेल, धरायला दांडा असेल, हात धुण्यास पाणी व साबण असेल आणि नळी ठेवण्यास एक स्वच्छ फळी असेल.