तांब्याच्या कोड्याची चाळीस वर्षं

2023च्या जुलैअखेरीस कोरियातून बातमी आली की शिसं, फॉस्फरस आणि तांब्याचा एक खडा नेहमीच्या तापमानालाच अतिसंवाहक होतो, म्हणजे वीज विनारोध वाहू देतो. एलके-99 हे नाव काही दिवस मोबाइलवर घोंगावलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो पदार्थ करून पाहिला. त्यात अतिसंवाहकता सापडली नाही आणि चर्चा थांबली. सलते ती दुसरीच गोष्ट. मुळात तांब्याच्या ऑक्साइडांचं खरं कोडं काय आहे, हे लातूर-नांदेडच्या हुशार पोरांना कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं.

1911 साली पाऱ्यात अतिसंवाहकता सापडली. त्यानंतरच्या पंचाहत्तर वर्षांत तापमानाची मर्यादा सरकत सरकत जेमतेम 23 केल्विनपर्यंत आली. 1986मध्ये झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लँथनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडने ती ओलांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यट्रियमच्या संयुगाने 93 केल्विन गाठले आणि द्रव हेलियमची गरज संपली. 77 केल्विनचं, म्हणजे उणे 196 अंशांचं, द्रव नत्र पुरेसं ठरलं. मराठवाड्याला हे नत्र परकं नव्हतं. देवणी आणि लाल कंधारी गाईबैलांच्या या मुलखात जनावरांच्या गोठित रेतमात्रा त्यातच ठेवतात.

खरी मौज सिद्धांतात होती. लँथनम क्युप्रेटमध्ये, म्हणजे लँथनम आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये, तांब्याच्या प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन सुटा असतो, त्यांच्या ऊर्जेचा पट्टा अर्धाच भरतो. अशा पट्ट्यांवरून धातू की विद्युतरोधक हे ठरवणाऱ्या बँड थिअरीच्या हिशेबाने तो धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो पक्का विद्युतरोधक निघाला! कारण एकाच तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांचं एकमेकांना ढकलणं इतकं जबर असतं, की लग्नाच्या पंगतीत ताट धरून बसलेल्या पाहुण्यांसारखा प्रत्येक जण आपल्या जागेवरच अडकतो. थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की जागा मोकळ्या होतात आणि अतिसंवाहकता उगवते. 1987मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने याच प्रतिकर्षणातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा जुळतील ते मांडलं. त्याच्यासोबत गणित करणाऱ्यांत तमिळनाडूचे गणपती बास्करन होते. मोकळ्या जागा मुख्यतः ऑक्सिजनवर असतात, हे दाखवणाऱ्यांत बंगळुरूचे डी. डी. सर्मा होते. या कामाला अब्जावधींची यंत्रं लागली नव्हती. बास्करन यांच्या गणिताला तर कागद, पेन आणि खमका गुरू एवढंच पुरलं.

1994च्या जानेवारीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नागराजन, गुप्ता आणि सहकाऱ्यांनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या मिश्रणात 12 केल्विनला अतिसंवाहकता जाहीर केली. निकेलसारख्या चुंबकी धातूच्या संयुगात ती सापडेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. तांब्याला न लागू पडलेली बँड थिअरी इथे मात्र चपखल बसली. महाराष्ट्रात लागलेला हा जागतिक शोध आहे. त्या जानेवारीत मराठवाडा किल्लारीच्या भूकंपाच्या ढिगाऱ्यातून सावरत होता, औरंगाबादला विद्यापीठाचा नामविस्तार होत होता. तेव्हा हा शोध इकडे पोचला नाही, त्याचा दोष कुणालाच देता येत नाही.

दोष त्यानंतरचा आहे. 17 सप्टेंबर 1994ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं, घरचं विद्यापीठ मिळालं. त्याच सुमारास परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चा डंका राज्यभर वाजू लागला. त्याने शेतकऱ्यांच्या शेकडो पोरांना डॉक्टर केलं, हे ऋण मोठंच आहे. पण भौतिकशास्त्र त्याने चार पर्यायांतला एक निवडण्यापुरतं उरवलं. ज्या मेंदूंनी क्युप्रेटवर झुंजायला हवं होतं, ते शिकवणीच्या सराव परीक्षांत खर्ची पडले, आजही पडताहेत.

तेव्हा नांदेडच्या विद्यापीठाने आणि लातूरच्या महाविद्यालयांनी एवढं तरी करावं. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलावं, साडेनऊशे अंशांच्या भट्टीत भाजावं, ऑक्सिजनमध्ये सावकाश निववावं. पशुसंवर्धन खात्याकडून दोन लिटर नत्र मागून आणावं आणि त्या थंड चकतीवर तरंगणारं लोहचुंबक अकरावीच्या मुलांना दाखवावं. मग फळ्यावर लँथनम क्युप्रेट मांडून बँड थिअरी कुठे फसली ते समजावावं. आणि क्युप्रेटमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे जुळतात, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर चाळीस वर्षांनंतरही मिळालेलं नाही, हेही त्यांना सांगावं.