उत्सर्जन मंदावले, पण घटले नाही

कोळसा, खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू जळतो तेव्हा त्यातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो. म्हणजे १ टन कार्बन जळाला की सुमारे ३.७ टन वायू हवेत जातो. कोणत्या देशात कोणते इंधन किती जळाले, या नोंदींवर हेच गणित लावून जगाचे उत्सर्जन मोजतात.

१९५० मध्ये हे उत्सर्जन सुमारे ६ अब्ज टन होते. १९९० मध्ये ते २२ अब्ज टनांवर गेले आणि आता ३७ अब्ज टनांच्या पुढे आहे. १९७० च्या दशकातील तेलसंकटे, २००९ ची मंदी, २०२० ची टाळेबंदी यांमुळे आलेख थोडा खाली आला. टाळेबंदीच्या वर्षातील घट सुमारे ५ टक्के होती. पुढच्याच वर्षी ती जवळजवळ भरून निघाली.

यात सर्वांत मोठा, सुमारे ४० टक्के, वाटा कोळशाचा आहे. तेवढीच उष्णता मिळवताना नैसर्गिक वायूच्या सुमारे १.७ पट कार्बन डायऑक्साइड कोळशातून बाहेर पडतो.

देशांत चीनचा वाटा सर्वाधिक, जवळपास एकतृतीयांश आहे. अमेरिकेचा सुमारे १३, तर भारताचा ८ टक्के. दरडोई हिशेब मात्र वेगळा आहे: अमेरिकेत सुमारे १४ टन, चीनमध्ये ८ टनांहून अधिक, भारतात जेमतेम २ टन. १८५० पासूनच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा चौथाईच्या आसपास आहे. म्हणून जबाबदारी ठरवताना केवळ चालू वर्षाचा आकडा पाहणे अन्यायाचे ठरते.

वाढीचा वेग आता मंदावला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात उत्सर्जन वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी वाढत होते. अलीकडे ती वाढ १ टक्क्याच्या आत आली आहे. सौर आणि पवनऊर्जा स्वस्त झाली, काही देशांनी कोळसा सोडला. १८८२ मध्ये लंडनला कोळशावर वीज तयार करणाऱ्या ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले.

तरीही हवेतील साठा वाढतच आहे, कारण उत्सर्जित वायूपैकी निम्म्याच्या आसपास भाग समुद्र आणि वनस्पती शोषतात, बाकीचा वातावरणात राहतो. हवाईतील मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड आढळला होता. २०२४ मध्ये हे प्रमाण ४२० च्या पुढे होते. उत्सर्जन आहे तिथेच स्थिरावले तरी हा साठा वाढत राहील. तापमानवाढ थांबवायची, तर उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याला पर्याय नाही.