माळ्यावरची दुनळी आणि काही जुने समज

वाड्याच्या वाटण्या होतात, माळा झाडला जातो आणि गोणपाटात गुंडाळलेली आजोबांची दुनळी हाती येते. नळीवर तांबूस गंज, दस्ता तेलकट, चाप अजून कडक. घरातलं कोणीतरी लगेच निकाल देतं, "ही काय आता बंदूक राहिलीय? भंगार आहे!"

कायद्याला ते मान्य नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या, मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. एक स्प्रिंग बदलून बार निघणार असेल तर ती बंदूकच, आणि विनापरवाना बाळगली तर दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

"आजोबांचा परवाना होता, आता तो आपलाच." नाही. परवाना घरासारखा वारशाने येत नाही. वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो आणि तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायची असते. 2016 च्या नियमांनी एक सोय मात्र केली: धारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं असली, की हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं. 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजली जाते.

सगळ्यात जास्त भाबडेपणा दुरुस्तीत दिसतो. सँडपेपर आणि खोबरेल घेऊन बसणारे महाभाग मी पाहिले आहेत. एक तर बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, ते गावच्या लोहाराचं काम नव्हे. दुसरं, तेल पाजल्याने बंदूक टिकते हेही अर्धंच खरं. दस्त्यावर उभी ठेवलेली बंदूक तेल लाकडात उतरवते आणि ते लाकूड मऊ पडतं. म्हणून जाणते लोक तिला तेल लावल्यावर तोंड खाली करून ठेवतात. नळ्या नव्यासारख्या काळ्या करायला उकळत्या क्षाराच्या टाकीत बुडवल्या, तर त्यांना जोडणारी पट्टी जिने झाळलेली असते ती डाखच सुटू शकते. जाणता कारागीर नळ्या वेगळ्या काढून टांगतो आणि लाकडाने हलकेच टोला देतो. खणखणीत नाद आला तर पट्टी घट्ट, घोगरा आला तर कुठेतरी सुटलेली.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली की "दमास्कसचं पोलाद, फुटणार नाही" असं छातीठोक सांगितलं जातं. ती नक्षी लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून, ठोकून सांधल्याची आहे. अशा बहुतेक नळ्या काळ्या बारुदीसाठी घडवलेल्या असत आणि सांध्यांतला गंज वरून दिसत नाही. सगळ्याच फुटतात असंही नाही, काहींवर नव्या बारुदीच्या चाचणीचे शिक्के असतात. पण तो शिक्का जुन्या चाचणीचा. आजची प्रकृती तपासल्यावरच कळते.

"काडतूस आत गेलं म्हणजे बसलं" हा समज तर जिवावर बेतणारा. जुन्या इंग्रजी बंदुकीत काडतुसाचं घर बहुधा 65 मिलिमीटरचं. 70 चं काडतूसही त्यात सरकतं, कारण ही लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. बार उडाला की तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. आणि 12 बोअर म्हणजे 12 मिलिमीटरही नव्हे. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्यांचं वजन एक पौंड, हा तो हिशोब. व्यास भरतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

राहिला हंगाम. थंडीत तळ्यावर हळदीकुंकू बदकं उतरली की जुन्या शिकाऱ्यांच्या गोष्टी रंगतात आणि कोणी विचारतं, "तितर-लाव्यांना परवाना मिळतो ना?" कधी काळी मिळायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीचे परवाने होते, 1991 च्या दुरुस्तीने ते संपले. सापळा लावणं, अंडी उचलणं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच. "पीक संरक्षणाचा परवाना आहे" म्हणून पाखरं मारता येत नाहीत. तो परवाना बंदूक बाळगण्याचा, जनावर मारायची परवानगी वेगळी. दुनळीची हौस मातीच्या उडत्या तबकड्यांवर भागते. 2004 ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं ते याच खेळात.

तेव्हा बंदूक सापडली असेल तर नळ्या तोंड आपल्याकडे न करता उघडा, आत काडतूस नाही ना ते पाहा आणि पुन्हा माळ्यावर चढा. आजोबांचं परवान्याचं पुस्तक तिथेच कुठेतरी असेल. त्यातला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा आणि ते घेऊन पोलीस ठाणं गाठा.